चेनसॉची चेन रोलमधून घरीच बनवली तर परवडते का?

बांधावरचा_पाटील (रावेर)
राम राम मंडळी. ५८ सीसीचं पेट्रोल कटर आहे, २२ इंची बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी). वादळात केळीबरोबर बांधावरचे निंब, बाभळी पण आडव्या होतात, ते आम्ही भाऊबंदच कापतो, चार घरी असलीच मशीन आहेत. दुकानदार फक्त "कितीचा बार" विचारतो आणि २२ इंची म्हणून चेन हातात देतो. मागची चेन टेन्शनर पूर्ण फिरवला तरी खाली लोंबत होती. आता १०० फुटी रोल घेऊन घरीच बनवाव्या म्हणतो. परवडेल का? आणि दात टोकदार कोपऱ्याचा घ्यायचा की गोल?

तापीकाठ
भाऊ, इंचावर चेन घेऊच नका. पिच (लागोपाठ तीन रिव्हेटमधल्या अंतराचं अर्धं, इंचात), गेज आणि खालच्या, बारच्या खाचेत फिरणाऱ्या ड्राइव्ह लिंका किती, हे तीन आकडे लागतात, बारच्या मागच्या टोकाला कोरलेले असतात, घासून गेले नसतील तर. चायना ५८ सीसीला २२ इंचीत बहुतेक ०.३२५ पिच, ०.०५८ गेज, ८६ लिंका येतात पण तुमचं मोजूनच घ्या. पिचसाठी लागोपाठ तीन रिव्हेट धरा, पहिलीच्या मध्यापासून तिसरीच्या मध्यापर्यंत साडेसोळा मिमी भरलं तर ०.३२५, एकोणीस भरलं तर ३/८. स्प्रॉकेट, म्हणजे चेन फिरवणारं दातेरी चाक, पण त्याच पिचचं पाहिजे. गेज म्हणजे लिंकची जाडी, ०.०५८ म्हणजे दीड मिमी. १.३ ची चेन दीडच्या खाचेत बसते, फिरते पण, तिथंच माणूस फसतो, ती डुलते आणि काप तिरका जातो.

वेल्डिंगवाला_धुळे
८६ लिंकांची एक चेन साधारण १४२० मिमी, म्हणजे १०० फुटात २१ निघतील. चारही मशीनचे आकडे एकच असतील तरच रोल घ्या, नाहीतर २५ फुटी बघा, त्यात पाच होतात. रिव्हेट काढायचं चेन ब्रेकर आणि रिव्हेट फिरवून दाबायचं स्पिनर, दोन्ही लागतात. हातोडीनं ठोकायचा शॉर्टकट नको, आणि जोडाला नवीनच पट्ट्या वापरा, काढलेली रिव्हेट परत अजिबात नाही, पळत्या मशीनवर चेन तुटली तर तुकडा गोळीसारखा येतो. दाबून झालं की जोड बोटांनी वाकवून बघायचा, शेजारच्या लिंकइतकाच सहज वळला पाहिजे. अडकला तर जास्त दाबलाय, डुगडुगला तर कमी.

सातपुडा_पायथा
धुळेवाल्या भाऊ, तुनं म्हननं बरोबर शे. दाताचं मी सांगतो. टोकदार कोपरा म्हणजे फुल चिझल, ओल्या स्वच्छ लाकडात पळतो, पण आपल्या बाभळीच्या सालीत धूळ-माती असते, त्यात कोपरा गेला की मशीन नुसता भुगा काढत बसतं. सेमी चिझल, म्हणजे गोल कोपऱ्याची घ्या, थोडी हळू चालते पण धार टिकते. ०.३२५ ला ४.८ मिमीची गोल कानस, ३० अंशाचा कोन, रेकर (दातापुढचा उंचवटा, दात किती खोल जाईल ते ठरवतो) दातापेक्षा ०.६५ मिमी खाली. लवकर कापावं म्हणून रेकर जास्त घासू नका, वाळक्या बाभळीत मशीन हिसके देतं. आणि बांधावर अंजन असेल तर कटर चालू करायच्या आधी परवानगी काढा, १९६४ च्या झाडतोड कायद्याच्या यादीत आहे तो, शेत स्वतःचं असलं तरी.

बांधावरचा_पाटील (रावेर)
बारवर ८६ कोरलंय, लोंबणाऱ्या चेनच्या लिंका ८८ भरल्या! ब्रेकर आणला तर दोन काढून जोडता येईल का? दाताचा डावा-उजवा क्रम बिघडेल ना?

वेल्डिंगवाला_धुळे
येईल. दोन लिंकांमागे एक दात जातो, म्हणून जोडाजवळ एकाच बाजूचे दोन दात लागोपाठ येतील, चालतं. ८६ ला चारनं भाग जात नाही, त्यामुळे दुकानातल्या तयार चेनमध्ये पण एका जागी तसंच असतं, मोजून बघा. रोलचं नंतर, आधी ब्रेकर, स्पिनर आणि जोडपट्ट्यांचं पाकीट एवढंच आणा.