आरएक्सच्या 'डर्ट'ला नव्या रिम, की जुन्याच पुन्हा बांधायच्या?

खाडीकाठचा (कळवा)
वडिलांची १९९४ ची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल. गेली सहा वर्षं ती माझ्याकडे डर्ट बाईक म्हणून नांदते आहे: उंच मडगार्ड, बटन टायर, पाऊस ओसरला की मुरबाडच्या बाजूचे कच्चे रस्ते. घर खाडीला लागून, त्यामुळे गंज पाचवीला पुजलेला. परवा मागचा टायर उतरवला तर ट्यूबबरोबर गंजाचे पापुद्रे निघून आले, रिमटेपची (ट्यूबला स्पोकच्या टोकांपासून वाचवणाऱ्या पट्टीची) चिंधी झालेली. पान्याने स्पोक वाजवून बघितले. टण्ण वाजायला हवं तिथे नऊ स्पोक नुसतेच थड्ड. दोन निपलना (स्पोकचं टोक रिमला आवळणाऱ्या छोट्या नटांना) चावी लावली आणि ते गुळगुळीत गोल झाले.
माझं मत सरळ आहे. क्रोमच्या स्टील रिम भंगारात द्याव्यात, १८ इंचीच अॅल्युमिनियम रिम आणि स्टेनलेस स्पोक घालावेत. 'ओरिजिनल'चा सोस टाकीवरच्या स्टिकरपुरता ठीक आहे, चाकात नको. विरोध करायचा तर कारण द्या.

टूस्ट्रोक काका (वाशी)
घ्या कारण. आरएक्स १९९६ ला बंद झाली. त्या रिमवर जसं क्रोम होतं तसं आज बाजारात मिळणाऱ्या बऱ्याचशा मालावर नसतं, दोन पावसाळ्यांत फोड येतात. आणि तुम्ही गाडी दगडांत घालणार. स्टीलची रिम आपटली तर वाकते. लाकडाचा ठोकळा लावून हातोडीने कड वर काढायची की घर गाठता येतं. स्वस्तातलं अॅल्युमिनियम वाकायच्या आधी तडकतं. मी एकदा तसली रिम घेतली होती. माळशेजच्या अलीकडे जोडावरच चीर गेली, गाडी टेम्पोत घालून आणावी लागली. टेम्पोवाल्याने वर सल्लाही दिला, "साहेब, स्कूटर घ्या."

नटबोल्ट
काका, दोष स्वस्त मालाचा आणि शिव्या अॅल्युमिनियमला? एक्सेल, डीआयडी अशा चांगल्या कंपन्यांच्या रिमवर लोक मोटोक्रॉसमध्ये उड्या मारतात. आणि क्रोम बाहेरून चमकत असलं तरी खरा खेळ आत असतो. निपल रिमच्या भोकाच्या कडेवर ओढून बसतो. ती कड गंजाने पातळ झाली की स्पोक कितीही आवळा, ताण टिकत नाही. पुन्हा चार दिवसांनी थड्ड. आतून पापुद्रे सुटत असतील तर ती रिम कामातून गेली, भावना कितीही असोत.
धागाकर्त्यांनाही एक सांगतो. खारट हवेत अॅल्युमिनियम आणि स्टेनलेस यांचं फारसं पटत नाही, दोघांच्या मधे पांढरी पूड साचते आणि निपल जाम होतो. निकेल चढवलेले पितळी निपल घ्या आणि बांधताना आट्यांना ग्रीस लावा. निपलही स्टेनलेसचे घेतले तर आटे एकमेकांत चावतात, मग कापूनच काढावे लागतात.

येऊरकर
मी तर म्हणतो पुढे थेट २१ इंची घाला, खड्ड्यांवरून तरंगत जाईल.

नटबोल्ट
तरंगेल, पण वळणार नाही. पुढची बाजू उचलली जाते, हँडल आळशी होतं. शिवाय कंपनीने नोंदवलेल्या तपशिलात बदल केला की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. (आणि येऊरचं जंगल राष्ट्रीय उद्यानात येतं हो, तिथे बटन टायर नेऊ नका.)

चाकबांध्या (कोपरखैरणे)
दोघंही धातूवर भांडताय. मला विचाराल तर चाक बिघडतं ते बांधणाऱ्याच्या हाताने. हबला (चाकाच्या मधल्या गाभ्याला) ३६ भोकं. प्रत्येक बाजूला १८, त्यातले ९ स्पोक आतून घातलेले आणि ९ बाहेरून, दोन्हींचा वाक वेगळा. दुकानात एकच पुडा हातात देतात आणि घाईत त्यांची सरमिसळ होते. दुसरी चूक: जुनं चाक सोडण्याआधी हबच्या कडेपासून रिमपर्यंतचं अंतर कुणी मोजून ठेवत नाही. रिम बऱ्याचदा हबच्या बरोबर मधोमध नसते. अंतर चुकलं की मागचं चाक पुढच्याच्या रेषेत येत नाही, आणि लोक चेनला दोष देत बसतात.
आऊट (फिरताना रिम डगमगते तो वाकडेपणा) काढायला मशीन लागत नाही. चाक स्विंगआर्ममध्येच (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांत) फिरवायचं, आर्मला केबल टाय बांधून त्याचं टोक रिमला टेकेल न टेकेल असं ठेवायचं. जिथे घासेल तिथे अर्धा फेरा, जास्त नाही. डावी-उजवी आणि वर-खाली, दोन्हीकडे २ मिमीच्या आत आणा. मग १०० किमी चालवून पुन्हा आवळा. हे शेवटचं कुणी करत नाही, म्हणून नवी चाकं ढिली पडतात.

टूस्ट्रोक काका
हे मात्र लाखातलं बोललात. पण धागाकर्ते, पुढची रिम बघितलीत का? की एक सडली म्हणून दोन्ही भंगारात?

खाडीकाठचा
आज बघितली. टेप काढली, आत नुसता पिवळा डाग आहे, नखाने खरवडलं तर खाली घट्ट धातू. आऊट साधारण ३ मिमी. म्हणजे काका अर्धे जिंकले, म्हणायला जड जातंय. मागे अॅल्युमिनियमच येणार, त्यावर मी ठाम. पुढची तीच ठेवतो, स्पोक आणि निपल सगळे नवे. पुढचं चाक घरीच बांधेन म्हणतो, पट्टीने अंतर मोजून भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय. काका, रविवारी कळव्याला येता का? चहा माझा, स्पोकची चावी मात्र तुमची आणा. माझी त्या दोन निपलवर गेली.