सैतान मुळात कोण? लुसिफरच्या गोष्टीशिवाय दुसरी मतं कोणती?

कुंडलिका_काठ (जालना)

सर्वांना सलाम. आमच्या मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाच्या शास्त्राभ्यासात, म्हणजे बायबलच्या अभ्यासात, पुढचे तीन शुक्रवार 'सैतान' हा विषय आहे, दर वेळी पाऊण तास. पोरं आत्तापासूनच विचारायलेत. लुसिफरची गोष्ट बायबलात नेमकी कुठंय? शाळेतले मुसलमान दोस्त सांगतात, इब्लीसनं (त्यांच्याकडला सैतान) आदमला सजदा, म्हणजे वाकून वंदन, केला नाही म्हणून त्याला हाकललं. हे आपल्याकडंही आहे का? आणि देवानं सगळं चांगलंच केलं तर हा आला कुठून?

कुणी, कुठल्या वचनावरून, काय म्हटलं ते हवंय. हिब्रू-ग्रीक येत नाही. मराठी बायबल हातात धरून दाखवता येईल असं सांगा.

गोदापट्टा

सलाम. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: एका जागी कुठंच नाही. लुसिफर हा देवदूत गर्वानं देवाविरुद्ध उठला आणि स्वर्गातून पडून सैतान झाला, ही आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट पाच-सहा ठिकाणचे तुकडे जोडून बनलेली गोधडी आहे. टाके उसवून दाखवले की मग दुसरी मतं कुठून आली ते आपोआप कळतं.

यशया १४:१२ काढा. आपल्या नेहमीच्या मराठी बायबलात तिथं लुसिफर नाहीच, पहाटेचा तारा आहे. पण वाचायला सुरुवात १२ व्या वचनापासून करू नका, ४ थ्यापासून करा. हे बाबेलच्या राजावरचं टोमण्याचं गीत आहे, असं तिथं सरळ लिहिलंय. हिब्रूत 'हेलेल', ग्रीक भाषांतरात 'प्रभात आणणारा', आणि जेरोमनं चौथ्या शतकाच्या अखेरीस लॅटिन करताना 'लुसिफर' म्हणजे शुक्रतारा. तेव्हा हे शिवीसारखं नाव नव्हतं. त्याच लॅटिन बायबलात २ पेत्र १:१९ मधल्या, अंतःकरणात उगवणाऱ्या ताऱ्यालाही लुसिफरच म्हटलंय. चौथ्या शतकात सार्डिनिया बेटावर काल्यारीचा बिशप होता, त्याचं नावच लुसिफर! पोरांना हे सांगा, लगेच जागी होतात.

यहेज्केल २८ चं तसंच. तो सोर शहराचा राजा. हिब्रूत त्याला करूब (एक प्रकारचा देवदूत) म्हटलंय, जुन्या ग्रीक भाषांतरात मात्र तो करूबासोबत होता असं आहे. एवढ्याशा फरकानं राजा आणि देवदूत वेगळे होतात.

हे दोन उतारे सैतानाला लावून त्यांतून नीट सिद्धांत उभा केला तो ओरिजेन या जुन्या ख्रिस्ती पंडितानं (सुमारे १८५–२५३). त्याला कारणही होतं. सैतान जन्मजातच वाईट, असं म्हणणारे पंथ समोर होते. तो चांगला होता आणि आपल्या मर्जीनं पडला, हे दाखवायला त्याला वचन हवं होतं. पुढं सोळाव्या शतकात प्रॉटेस्टंट सुधारक कॅल्विननं मात्र यशया १४ सैतानाला लावणं हे निव्वळ अज्ञान म्हणून झटकून टाकलं. तेव्हा हे उतारे राजांचेच आहेत असं म्हणणारा माणूस अश्रद्ध असतो असं नाही.

आता सर्वांत जुना थर. हिब्रूत 'सातान' हा साधा शब्द आहे: विरोधक, आडवा येणारा. गणना २२:२२ मध्ये बलामाच्या वाटेत 'सातान' म्हणून उभा राहतो तो परमेश्वराचाच दूत. १ शमुवेल २९:४ मध्ये पलिष्टी सरदारांना भीती वाटते की दावीद लढाईत आपला 'सातान' होईल. मराठीत दोन्हीकडं साधं भाषांतर झालंय, म्हणून आपल्या ध्यानातच येत नाही. ईयोब १–२ मध्ये हाच शब्द उपपदासह (इंग्रजीतल्या 'द'सारखं) आहे, म्हणजे नाव नव्हे, हुद्दा. मराठीत उपपद नसल्यानं तो हुद्दा विशेषनाम होऊन बसतो. तिथं तो देवाच्या दरबारात सरकारी वकिलासारखा हजर आहे आणि परवानगीशिवाय ईयोबाच्या केसालाही धक्का लावत नाही. जखऱ्या ३:१ मध्ये तर सरळ आरोप ठेवायलाच उभा आहे. इथं पतन नाही, बंड नाही.

शेवटी २ शमुवेल २४:१ आणि १ इतिहास २१:१ शेजारी शेजारी ठेवा. खानेसुमारी एकच, पण एकीकडं दाविदाला चिथावणारा परमेश्वराचा कोप, दुसरीकडं सैतान. इतिहासाचं पुस्तक नंतरचं. बदल कोणत्या दिशेनं झाला ते डोळ्यांनी दिसतं.

छावणी_वाचक (संभाजीनगर)

इब्लीसचं मी सांगते. हो दादा, आपल्याकडं आहे, फक्त बायबलात नाही. 'आदाम आणि हव्वेचं चरित्र' नावाचा जुना ग्रंथ आहे. त्याच्या लॅटिन, आर्मेनियन आणि जॉर्जियन प्रतींत हा प्रसंग येतो, ग्रीक प्रतीत येत नाही. मीखाएल देवदूतांना सांगतो, आदाम देवाची प्रतिमा आहे, त्याला वंदन करा. सैतान म्हणतो, मी आधीचा, तो मागून आलेला. त्यानंच मला वंदन करावं. देव रागावेल म्हटल्यावर तो ताऱ्यांच्या वर सिंहासन मांडायची भाषा करतो, म्हणजे तोंडी यशया १४ च! कुराणात (७:१२) कारण वेगळं आहे: मी आगीचा, तो मातीचा. एकीकडं वडीलकीचा तोरा, दुसरीकडं कशापासून घडलो त्याचा. 'हे त्यांनी आपल्याकडून उचललं' किंवा उलट, असला वाद वर्गात चालू देऊ नका, पाऊण तास त्यातच जातो.

या मताचं मूळ पाप म्हणजे मत्सर, आणि तो माणूस घडवल्यानंतरचा. बिशप इरेनियसही दुसऱ्या शतकात मत्सरच म्हणतो. चौथ्या शतकातला बिशप, निस्साचा ग्रेगरी म्हणतो, पृथ्वीची देखरेख सोपवलेल्या दूताला मातीच्या माणसात देवाची प्रतिमा बघवेना. सुआरेझ (१५४८–१६१७) या जेझुइट पंडिताचं वळण आणखी वेगळं: देवाचा पुत्र पुढं माणूस होणार हे दूतांना आधीच दाखवलं गेलं, आणि त्या माणसापुढं वाकायला लुसिफर नाही म्हणाला.

दुसरी वाट हनोखाच्या पुस्तकाची, हा आपल्या बायबलाबाहेरचा जुना यहूदी ग्रंथ. उत्पत्ती ६:१–४ मधले 'देवपुत्र' म्हणजे २०० दूत, हर्मोन डोंगरावर शपथ घेऊन उतरले, बायका केल्या, राक्षसाएवढी लेकरं झाली. त्यांच्यातल्या अजाजेलनं माणसांना तलवारी आणि ढाली घडवायला शिकवलं, बायकांना डोळ्यांत सुरमा घालायला. इथलं पाप म्हणजे वासना, आणि तेही एदेननंतर कितीतरी पिढ्यांनी. गंमत पुढंच आहे. या पुस्तकात दुष्ट आत्मे म्हणजे पडलेले दूत नव्हेत, तर मेलेल्या त्या राक्षसांचे आत्मे. आपल्या बायबलातला 'भूतग्रस्त' शब्द नकळत या मताच्या जवळ जातो, कारण मराठीत भूत मेलेल्याचंच असतं.

बायबलातल्या यहूदाच्या पत्रात (१४–१५) हनोखाचं वचन आलंय, आणि इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स मंडळीत तो ग्रंथ आजही बायबलात आहे. जस्टिन आणि टर्टुलियन हे आरंभीचे ख्रिस्ती लेखक हे मत मानत. पुढं बिशप ऑगस्टीननं 'देवपुत्र' म्हणजे आदामाचा मुलगा शेथ याचा वंश असा अर्थ धरला आणि पश्चिमेत हे मत मागं पडलं.

मोंढा_नाका

वरचं बरोबर आहे, पण ताई, यावरून 'सैतानाची शिकवण उसनी आहे' असा अर्थ पोरं काढतील. 'हा आला कुठून' या तिसऱ्या प्रश्नाला मंडळीनं दिलेलं उत्तर यशया १४ वर टेकलेलं नाही. १२१५ च्या चौथ्या लॅटरन सभेनं (रोममधली धर्मसभा) एवढंच म्हटलं: सैतान आणि इतर दुष्टात्मे देवानं स्वभावतः चांगले घडवले, ते स्वतः होऊन वाईट झाले. कोणत्या पापानं, केव्हा, हे तिथं बांधून दिलेलं नाही. म्हणून मत्सर की गर्व, हा वाद घरातला आहे.

घराबाहेरची मतं वेगळी. ५६१ साली पोर्तुगालातल्या ब्रागाच्या सभेला, सैतान अंधारातून निघाला आणि त्याला कुणी घडवलंच नाही, हे मत नाकारावं लागलं. दहाव्या शतकापासून बल्गेरियातले बोगोमिल पंथाचे लोक म्हणत, तो देवाचा थोरला मुलगा सातानाएल, ख्रिस्त धाकटा. पुढं नावातला 'एल' म्हणजे देव हा भाग काढून घेतला आणि सातान उरला. चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा लेखक लॅक्टँशियस मात्र मंडळीतला असूनही काठावर उभा आहे: देवानं आधी पुत्र घडवला, मग दुसरा एक आत्मा, आणि त्याला थोरल्याचा हेवा वाटला.

योहान ८:४४ आणि १ योहान ३:८ मधलं, सैतानाबद्दलचं 'आरंभापासून' पोरं नक्की काढतील. ऑगस्टीनचं म्हणणं, पापाच्या आरंभापासून, घडवल्याच्या आरंभापासून नव्हे. मध्ययुगातला पंडित अक्वायनस म्हणतो, पहिल्याच क्षणी पाप शक्य नाही, पण लगेच पुढच्या क्षणी झालं.

कुंडलिका_काठ (जालना)

लई आभार. तीन शुक्रवारांत कसं बसवू? आणि लूक १०:१८, प्रकटीकरण १२ कुठं घ्यायचं?

गोदापट्टा

पहिल्या शुक्रवारी फक्त ईयोब १–२, जखऱ्या ३ आणि दोन्ही खानेसुमाऱ्या. गणना २२ शेवटी घ्या. आधी घेतलं तर 'देवाचा दूतच सैतान!' यावर गोंधळ होतो. दुसऱ्या शुक्रवारी यशया १४, यहेज्केल २८ आणि ताईंनी सांगितलेली दोन मतं. फळ्यावर तीनच रकाने आखा: कोणतं पाप, केव्हा, कुणामुळं. प्रत्येक मत त्यात भरायला पोरांनाच लावा. उत्पत्ती ३ ची ओळ रिकामी राहील, कारण तिथं सर्पाला सैतान म्हटलेलंच नाही. तो जोड प्रकटीकरण १२:९ मध्ये मिळतो.

लूक आणि प्रकटीकरण तिसऱ्या शुक्रवारी. लूकमध्ये शिष्य भुतं काढून परत आल्यावर येशू ते वाक्य बोलतो: सैतानाला विजेसारखं आकाशातून पडताना मी पाहिलं. प्रकटीकरणात स्वर्गातली लढाई बाळ (बहुतेक जण याला ख्रिस्त मानतात) देवाकडं वर नेल्यानंतरची आहे (१२:५–९), जगाच्या आधीची नाही. १२:४ मधले एक तृतीयांश तारे म्हणजे पडलेले दूत, हे अर्थ लावणाऱ्यांचं म्हणणं. त्या दिवशी १२ वा अध्याय सलग मोठ्यानं वाचून घ्या, १७ वचनंच आहेत. निवडक वचनं फळ्यावर लिहिली की पोरं पुन्हा जुनी गोधडी शिवतात.

छावणी_वाचक (संभाजीनगर)

आणि 'सैतान' हा मराठी शब्द अरबी-फारसीतून आलाय, हेही पहिल्याच दिवशी सांगा. दोस्तांचा शैतान आणि आपला सैतान बोलीत एकच. इब्लीसचा प्रश्न मग दुसऱ्या शुक्रवारपर्यंत थांबवता येतो.