पहिल्या वर्षाला कपडे किती न्यायचे? घरात दोन तट पडलेत

धाकटीची ताई:
धाकटी बहीण पुढच्या आठवड्यात होस्टेलला जातेय. पलंगावर कपड्यांचा डोंगर आहे, एका बाजूला आई आणि दुसऱ्या बाजूला मी. आईचं एकच पालुपद, "असू देत गं, हाताशी असलेले बरे." तिच्या यादीत नुसते टॉपच 22 आहेत.

मी चार वर्षं होस्टेलवर काढलीत. माझ्या मते नऊ टॉप, तीन पँट, आतल्या कपड्यांचे 14 जोड, झोपायचे दोन जोड, दोन टॉवेल, एक गरम कपडा आणि एक समारंभाचा जोड. संपलं.

तिथे किती महिने राहणार याला महत्त्वच नाही. धुणं किती दिवसांनी निघणार ते बघायचं. आठवड्यातून एकदा धुणार, वाळायला एक दिवस, आणि एक दिवस "आज कंटाळा आलाय, उद्या बघू"चा. झाले नऊ. पँट तीनदा घालून धुतली तरी कुणाचं काही बिघडत नाही. आतल्या कपड्यांत मात्र काटकसर नको.

पहिल्या वर्षी मी दोन बॅगा नेल्या होत्या. कपाट म्हणजे एक दांडी आणि दोन फळ्या, त्यातली एक फळी रूममेटची. दुसरी बॅग पलंगाखाली गेली ती थेट सुट्टीला निघताना बाहेर आली. उघडून बघते तर कोऱ्या पांढऱ्या शर्टावर बरोबर घडीच्या रेषेत पिवळा पट्टा. एकदाही अंगाला न लागता शर्ट गेला. आता बोला.

दोन लेकरांची आई:
अगं, तुझा हिशेब धडधाकट माणसाचा आहे. माझा मुलगा गेला आणि तिसऱ्याच आठवड्यात तापाने पडला. घाम येतो, दिवसातून दोनदा कपडे बदलावे लागतात, आणि धुवायला उठायचं त्राण नसतं. तू म्हणतेस ते नऊ चार दिवसांत संपतात. मी कोंबलेले जास्तीचे सहा टी-शर्ट तेव्हा कामाला आले. जाताना मला म्हणाला होता, "आई, हे कशाला?"

तुझी आई बरोबर आहे. 22 जरा जास्त होतात, ते सोड.

धुणं नको रे बाबा:
मी 30 टी-शर्ट नेले होते. महिन्यातून एकदा धुणं. वर्ष झकास गेलं. पुढचा प्रश्न विचारा.

धाकटीची ताई:
@धुणं नको रे बाबा, तुझ्या रूममेटला एकदा विचारून बघ वर्ष कसं गेलं ते. घामेजलेले कपडे महिनाभर बोचक्यात कोंडले की आधी कुबट वास, मग काळे ठिपके, आणि ते बुरशीचे ठिपके सहसा जात नाहीत. शिवाय एक टी-शर्ट 150 ते 200 ग्रॅमचा. 30 चे झाले साडेचार ते सहा किलो. सहा-सात किलोचं मशीन त्यातच भरलं. जीन्स आणि टॉवेल काय डोक्यावर धुणार?

@काकू, आजारपणाचा मुद्दा मान्य. टॉप 11 करते. त्यापुढे नाही.

धुणं नको रे बाबा:
ताई, दोन फेऱ्या करायच्या, त्यात काय. आणि एक सांगू? आमच्या मजल्यावरचे सगळे "मोजकेच कपडे" वाले दर शुक्रवारी माझ्याच कपाटासमोर उभे असायचे. "एखादा काळा टी-शर्ट आहे का रे?" तुमचा नऊचा हिशेब माझ्या 30 च्या जिवावर चालतो.

लॅबकोट:
इतका वेळ आकड्यावर भांडताय, कापडाचं कुणीच बोलत नाही. विज्ञान शाखेला जाणाऱ्यांनी ऐका. पहिल्या वर्षाची प्रात्यक्षिकं कपडे खातात. सौम्य सल्फ्युरिक ॲसिडचा थेंब मांडीवर उडतो, सुती पँटवर काहीच दिसत नाही, आपण खूश. पण पाणी उडून जातं, ॲसिड मागे राहतं आणि धाग्यातलं सेल्युलोज कुरतडत बसतं. पँट धुऊन दोरीवर टाकली की मोहरीएवढ्या भोकांची रांग! माझ्या पहिल्या जीन्सला अशी सात भोकं होती. सिल्व्हर नायट्रेट तर आणखी डांबरट, उडतो तेव्हा पाण्यासारखा आणि उजेड लागला की काळाकुट्ट डाग.

म्हणून एक जोड "हा गेला तरी चालेल" असा न्या. पूर्ण लांबीची सुती पँट, बंद बूट. ज्वालेजवळ पॉलिएस्टर नकोच. सुती कापड जळतं, पण पॉलिएस्टर 250-260 अंशांना वितळून कातडीला चिकटतं. वर्कशॉप असेल तर ढगळ बाह्या आणि गळ्यातून लोंबणारं काहीही घरी ठेवा. लेथला, म्हणजे त्या गरगर फिरणाऱ्या यंत्राला, लाज नसते.

(जाता जाता: पहिला यशस्वी कृत्रिम रंग, तो जांभळा, 1856 मध्ये विल्यम पर्किन नावाच्या 18 वर्षांच्या विद्यार्थ्याला सापडला. करायला गेला क्विनीन, म्हणजे मलेरियाचं औषध, हाती लागला रंग. त्याच्या शर्टाचं काय झालं असेल ते त्यालाच ठाऊक.)

इस्त्रीविना:
@लॅबकोट, लॅबपुरतं ठीक. पण एरवी सुती सुती काय करता? पोरांना धुता येत नाही, पिळता येत नाही, इस्त्री खोलीत ठेवू देतीलच असं नाही. सुती शर्ट पिळून वाळवला की वापरलेल्या कागदी पिशवीसारखा दिसतो. गरम पाण्यात गेला की आटतो. पॉलिएस्टर मिसळलेला शर्ट झटकून हँगरवर टाका, सकाळी तयार. मी चार वर्षं तसेच घातले, लाज वाटली नाही.

लॅबकोट:
वाळतो खरा. सुताच्या धाग्यात कोरड्या अवस्थेतही साधारण आठ टक्के ओलावा मुरलेला असतो, पॉलिएस्टरमध्ये अर्धा टक्कासुद्धा नाही. पण जे पाणी धरत नाही ते घामही धरत नाही. वर्गात तिसऱ्या तासाला शेजारचा बाक रिकामा का होतो, हे त्यातच आलं. मिश्र कापडावर तडजोड करू, चला. आणि नवी गडद जीन्स पहिले दोन-तीन धुणे वेगळी धुवा. इंडिगो धाग्याच्या वरवर बसलेला असतो, शेजारच्या पांढऱ्याला निळा करून सोडतो.

चार शर्टवाला:
सगळं वाचलं. एक राहिलं, म्हणून लिहितोय.

ताई, कपाटभरातून निवडून नऊ नेणं वेगळं आणि घरात चारच असणं वेगळं. मी चार शर्ट आणि दोन पँट घेऊन गेलो होतो. रोज रात्री एक धुवायचा, कॉलर साबणाने चोळायची, पंख्याखाली खुर्चीच्या पाठीवर टाकायचा. कफ वाळायचे नाहीत. सकाळी ओलसर कफ दुमडून जायचं, म्हणजे कुणाला कळत नाही. तरी दुसऱ्या महिन्यात वर्गातला एक जण म्हणाला, "आज मंगळवार ना? मग चौकटीचा." सगळे हसले, मीही हसलो. त्यानंतर मी शर्टांचा क्रम बदलत राहिलो.

त्यामुळे "कमीच न्या, कुणी बघत नाही" असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. पहिल्या वर्षी बघतात. पुढे नाही बघत, ते खरं. ज्यांना जमतं त्यांनी दोन-तीन जास्त द्यावेत मुलांना. आणि सुई-दोरा द्या. माझं एक बटण तुटलं तेव्हा चारातला एक शर्ट कमी झाला होता.

धाकटीची ताई:
@चार शर्टवाला, दादा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटत होतं मी अडगळीवर बोलतेय. कपाट भरलेलं असलं की असं बोलायला सोपं जातं. पण 22 ला माझा विरोध कायम आहे, जागाच नाही हो.

दोन लेकरांची आई:
दादा, सुई-दोऱ्याचं लिहून घेतलं. धाकटी माझीही जायची आहे दोन वर्षांनी.

नवं कोरं:
माझा विरोध दोघींना. जाण्याआधी खरेदीच करू नका. पहिल्या सहा महिन्यांत कुणी दोन किलोने वाढतं, कुणी चारने उतरतं, आवड तर पार पालटते. मी कॉलेजसाठी म्हणून सहा फॉर्मल शर्ट घेतले होते, तिथे जाऊन बघतो तर असे शर्ट घालणारे फक्त शिक्षक. पहिले दोन आठवडे एका शिपाईकाकांनी मला "सर" म्हणून हाक मारली, मीही सुधारलं नाही. असलेले वापरातले कपडे न्या, काय लागतं ते तिथे कळेल. फक्त बूट आधीच घेऊन रुळवा, पहिल्या दिवशी नवे घातले तर आठवडाभर लंगडाल.

इस्त्रीविना:
@नवं कोरं, "सर" हे बेस्ट आहे 😂

धाकटीची ताई:
बॅग भरली. 13 टॉप, तीन पँट, एक जुनी जीन्स लॅबसाठी, सुई-दोरा, चिमटे. आईने चेनच्या कप्प्यात गुपचूप आणखी तीन घातलेत, मला दिसलंय, काही बोलले नाही.

माझा राखाडी स्वेटर कालपासून सापडत नाहीये.

धुणं नको रे बाबा:
दुसऱ्या बॅगेत बघा.