अनुभव धागा : क्षयरोगात बरे वाटू लागल्यानंतरचे महिने

ताप उतरतो, भूक परत येते आणि नेमके तेव्हाच गोळ्या सोडाव्याशा वाटतात. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगावर साधारणपणे सहा महिने उपचार चालतात. बहुतेक जंतू पहिल्या दोन महिन्यांतच मरतात, परंतु तग धरून राहिलेल्या उरलेल्यांसाठी पुढचे चार महिने लागतात. या काळात रुग्णाला कशाने धरून ठेवले, हे कोल्हापूर जिल्ह्यातील वाचकांना विचारले होते. नावे वगळून काही उत्तरे देत आहोत.

इचलकरंजी, गृहिणी : माझे पती यंत्रमागावर काम करतात आणि खाडा झाला की त्या दिवसाची मजुरी बुडते. गोळ्या सुरू झाल्यावर लघवी नारिंगी होऊ लागली, तेव्हा मूत्रपिंडे बिघडली असे समजून सासूबाईंनी औषध बंद करायला लावले. आशाताईंनी घरी येऊन तो रिफाम्पिसिन या क्षयरोगावरील औषधाचा रंग असल्याचे समजावले, म्हणून गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. क्षयरुग्णांना आहारासाठी मिळणारी सरकारच्या निक्षय पोषण योजनेची रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून दरमहा १००० रुपये झाली आहे. त्यातून घरभाडे भागत नाही, पण अंडी आणि शेंगदाणे मात्र नियमित आले.

शिरोली, फाउंड्री कामगार : वाळूच्या सिलिकायुक्त धुळीत वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांना क्षयरोगाचा धोका अधिक असतो, हे मला आजारी पडल्यावर कळले. कामावर घेताना सांगितले असते तर बरे झाले असते.

कोल्हापूर शहर, तालमीचे कार्यकर्ते : २०२२ मध्ये क्षयरुग्णांना लोकांनी शिधा द्यावा यासाठी सरकारची निक्षय मित्र योजना आली, तेव्हा आम्ही काही रुग्णांना डाळ, तेल, ज्वारी देण्याचे ठरवले. सुरुवातीला शिधा देताना छायाचित्रे काढली जात. त्यामुळे एक मुलगी यायचीच थांबली, कारण तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. आता शिधा घरपोच जातो आणि पिशवीवर काहीही लिहिलेले नसते. हा निव्वळ दानधर्म आहे, असे आमच्यातल्या अनेकांना वाटे. परंतु झारखंडमधील ‘रेशन्स’ या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले आणि रुग्णाच्या कुटुंबीयांना पुरेसा आहार दिल्यास त्यांच्यातील नव्या क्षयरोगाचे प्रमाण ३९ टक्क्यांनी घटते, असे त्यातून दिसले. तेव्हापासून आम्ही शिधा केवळ रुग्णापुरता न देता घरातील माणसे मोजून देतो. वर्गणी मागतानाही हाच अभ्यास सांगतो. देणाऱ्याला तो पटतो.

गडहिंग्लज, शिक्षक : मला औषधांना न जुमानणारा क्षयरोग होता. उपचार दीड वर्षाहून अधिक चालले आणि त्यांतील इंजेक्शनांमुळे एका कानाने कमी ऐकू येते. गेल्या वर्षी माझ्या मावसभावाला तसाच आजार झाला, तेव्हा बेडाक्विलिन, प्रेटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लोक्सासिन यांच्या गोळ्यांवर तो सहा महिन्यांत मोकळा झाला. लिनेझोलिडने त्याच्या पायांना मुंग्या येत आणि रक्ततपासण्याही वारंवार कराव्या लागल्या, पण सुई नव्हती. बेलारूस, दक्षिण आफ्रिका आणि उझबेकिस्तान येथील रुग्णांनी चाचणीत भाग घेतल्यामुळे हे मिश्रण सिद्ध झाले. संशोधनासाठी मदत मागितली की ‘आधी आमच्या रुग्णांचे बघा’ असे म्हणणाऱ्यांना मी माझा कान आणि भावाचा कान दोन्ही दाखवतो.

राधानगरी तालुका, आशा कार्यकर्ती : रुग्ण गोळ्या घेतो, अडचण घरातल्या इतरांची असते. आजार नसल्याची खात्री करून त्यांना प्रतिबंधक औषध द्यायचे असते, परंतु ‘धडधाकट माणसाला औषध कशाला?’ असा प्रश्न प्रत्येक उंबऱ्यावर येतो. अशा घरी मी बरा झालेला रुग्णच सोबत नेते. माझ्यापेक्षा त्याचे लवकर ऐकतात.