६व्ही-७१ टू-स्ट्रोक डिझेलची मोटरहोम: घाटात गरम होते, खालून काळं ऑइल टिपकतं

चाकावरचं_घर (बीड)
नमस्कार मंडळी. जुन्या अमेरिकन कोचवर बांधलेली मोटरहोम आहे. मागं डेट्रॉइट ६व्ही-७१ (सहा सिलिंडरचं व्ही इंजिन), टर्बो नाही, गिअरबॉक्स अ‍ॅलिसन ऑटोमॅटिक. सपाटीला तापमानाचा काटा ८० अंशाला असतो, पण बीडहून मांजरसुंब्याचा घाट चढताना १०० ला टेकतो. ब्लॉकच्या बाजूच्या नळ्यांतून काळं ऑइल टिपकतं, त्या नळ्यांना बूच मारावं म्हणतोय. ऑइल १५डब्ल्यू-४० आहे. टॅपेट (व्हॉल्वची फट) कधी सेट केलेत माहीत नाही. सुरुवात कुठून करू?

जालना_डिझेल
दादा, बूच अजिबात मारू नका! ते एअरबॉक्सचे (सिलिंडरभोवतीच्या हवेच्या पोकळीचे) ड्रेन आहेत. ब्लोअरची (हवा आत ढकलणाऱ्या पंपाची) हवा एअरबॉक्समधून लायनरच्या (सिलिंडरच्या आतल्या नळीच्या) भोकांतून सिलिंडरमध्ये जाते, तिच्यासोबत आलेलं ऑइल न् ओल तिथून बाहेर पडते. ड्रेन बंद झाला की ऑइल आत साठतं, भोकांतून सिलिंडरमध्ये ओढलं जातं आणि इंजिन त्याच ऑइलवर पळत सुटतं. मग डिझेल तोडूनही ते थांबत नाही. चालू इंजिनवर नळीच्या तोंडाशी बोट धरा, हवा लागली पाहिजे. लागत नसेल तर नळी काढून साफ करा. थेंब चालतात, धार नको.

आता तापमान. टू-स्ट्रोकमध्ये प्रत्येक फेरीला पॉवर स्ट्रोक, त्यामुळे हेड आणि एक्झॉस्ट व्हॉल्वला उसंत मिळत नाही. १०० म्हणजे हेडला चीर जायला आमंत्रण. ९५ च्या पुढं काटा गेला तर गाडी बाजूला घ्या, न्यूट्रलवर मिनिटाला १०००–१२०० फेऱ्यांवर चालू ठेवा आणि काटा खाली आल्यावरच बंद करा. तापलेल्या इंजिनात गार पाणी ओतायचं नाही.

घाटात अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून फेऱ्या १४००–१५०० वर येऊ देताय का? तिथंच गडबड आहे. वॉटर पंप इंजिनच्या फेऱ्यांवर चालतो, फॅनही बहुतेक तसाच, म्हणजे लोड सगळ्यात जास्त तेव्हाच पाणी न् हवा कमी. गव्हर्नर (फेऱ्यांना मर्यादा घालणारा भाग) २१०० चा असेल तर चढ लागण्याआधीच हातानं खालचा गिअर टाका आणि १८००–२००० वर चढा. आवाज जास्त होतो, होऊ द्या. हे इंजिन ओरडतच चालवायचं असतं.

मग रेडिएटर. आपल्याकडं कापसाचे तंतू न् काळ्या मातीची धूळ मिळून जाळीत नमदा बसतो, वरून दिसत नाही. हवा ज्या बाजूनं आत येते त्याच्या उलट बाजूनं, कमी प्रेशरनं धुवा. थर्मोस्टॅट दोन आहेत, प्रत्येक बँकेला (सिलिंडरच्या रांगेला) एक. दोन्ही काढून गरम पाण्यात बघा: ७७ च्या आसपास उघडायला लागतात, ८५ ला पूर्ण. बोअरचं पाणी भरत असाल तर आजच बंद करा, हेडमध्ये क्षाराचा थर बसतो. डिस्टिल्ड पाणी आणि हेवी-ड्यूटी डिझेलचं कूलंट, निम्मं-निम्मं.

वाळूज_फिटर
ऑइल बदला. एसएई ४० मोनोग्रेड, डब्यावर सीएफ-२ (टू-स्ट्रोक डिझेलच्या ऑइलचा दर्जा), सल्फेटेड अ‍ॅश (जळल्यावर उरणारी राख) १ टक्क्याच्या आत. या इंजिनात पिस्टन पिनवरचा दाब कायम एकाच दिशेनं असतो, म्हणून उन्हाळ्यात जाड फिल्म लागते. मल्टिग्रेड इथं टिकत नाही. दुकानदार मरीनचं ४० गळ्यात मारायला बघेल. त्यात अ‍ॅश जास्त, एक्झॉस्ट व्हॉल्ववर जमून व्हॉल्व जळतात.

ऑइल काढलंच आहे तर एअरबॉक्सची झाकणंही उघडा. इंजिन हातानं फिरवत भोकांतून रिंगा बघा, लाकडी काडीनं दाबा. मोकळी रिंग स्प्रिंगसारखी परत येते. जाम किंवा तुटलेली येत नाही. लायनरवर उभे ओरखडे दिसले तर ओव्हरहॉल जवळ आलंय.

चाकावरचं_घर (बीड)
फेऱ्यांचं बरोबर आहे भाऊ, गिअर डीमध्येच (ड्राइव्हमध्ये) ठेवून चढत होतो. टॅपेट इथला फिटर करू शकेल का?

गव्हर्नर_रॅक
करेल, पण क्रम सांगा त्याला: एक्झॉस्ट व्हॉल्व, इंजेक्टर टायमिंग, गव्हर्नर गॅप, मग रॅक (इंजेक्टरचं डिझेल कमी-जास्त करणारी पट्टी). ज्या सिलिंडरचा इंजेक्टर पूर्ण दाबलेला, त्याचे व्हॉल्व सेट करायचे. व्हॉल्व पूर्ण दाबलेले असताना त्याचा इंजेक्टर. चार व्हॉल्वच्या हेडला थंड इंजिनवर फट ०.०१६ इंच. टायमिंगची (मापाची) पिन इंजेक्टरवरचा टॅग वाचून घ्या, एन-६० इंजेक्टरला सहसा १.४६० इंच. अंदाजानं पिन लावू नये.

झाल्यावर स्टार्टर मारण्याआधी रॅक हातानं ‘नो फ्यूल’कडं ढकलून बघा. एक जरी इंजेक्टर अडकला तर तो बाकीचे रॅकही धरून ठेवतो आणि इंजिन पळतं. इंजेक्टर खराब निघाला तर साध्या पंप-नोझलच्या दुकानात देऊ नका. हा युनिट इंजेक्टर (पंप न् नोझल एकत्रच) आहे, त्याचं टेस्ट स्टँड वेगळं लागतं.

जालना_डिझेल
रॅकवरून आठवलं. ब्लोअरवरची इमर्जन्सी झडप (हवा तोडून इंजिन थांबवणारी) आयडलवर एकदा पाडून बघा, इंजिन विझलं पाहिजे. फुल फेऱ्यांवर टेस्ट करू नका, ब्लोअरची ऑइल सीलं ओढली जातात. नंतर झडप परत वर अडकवायची, नाहीतर गाडी चालू होत नाही म्हणून बॅटरी बदलत बसाल.