टागालोग: ‘कुमाइन’ कधी, ‘किनाइन’ कधी?

इंजिनरूमवाला
जहाजावर थर्ड इंजिनिअर आहे, क्रू जवळपास सगळा फिलिपिनो. चार महिन्यांत कामापुरती टागालोग आली, असा माझा समज होता. परवा रात्रीची वॉच संपवून वर आलो, पोटात कावळे. फ्रिजमध्ये झाकून ठेवलेला तळलेला मासा दिसला, खाऊन टाकला. सकाळी कुक तावातावाने आला: ‘सिनो आंग कुमाइन नांग इस्दा को?’ माझा मासा कोणी खाल्ला? मी प्रामाणिकपणे कबूल केलं, ‘कुमाइन आको नांग इस्दा मो.’ अख्खी मेस खो खो हसली. बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) म्हणाला, ‘किनाइन मो!’, तू तो खाल्लास! त्याच्या मते मी ‘तुझ्या माशातलं थोडं खाल्लं’ असं म्हणालो होतो, आणि ताटलीत तर नुसता काटा उरलेला.

पण कुकनेच ‘कुमाइन’ म्हटलं होतं ना? मग माझं काय चुकलं? पुस्तकात एक कर्तरी, दुसरा कर्मणी, एवढंच दिलंय.

काना_मात्रा
आधी तो ‘कर्मणी’ शब्द बाजूला ठेवा. ‘मी मासा खाल्ला’ यात क्रियापद माशामागे जातं, ते भूतकाळ आहे म्हणून. आपल्याला विचारतंय कोण! टागालोगमध्ये किनाइन (खाल्ला), किनाकाइन (खातोय), काकाइनिन (खाईन) अशी तिन्ही रूपं आहेत, आणि काळ कुठलाही असो, निवड बोलणाऱ्याची.

निवड मुख्यतः ठरते ती मासा कुठला यावर. कुठलाही मासा, थोडाफार मासा: ‘कुमाइन आको नांग इस्दा’. ठरलेला, दोघांना माहीत असलेला मासा: ‘किनाइन को आंग इस्दा’. ‘आंग’, म्हणजे वाक्यातला मानकरी कोण ते दाखवणारा शब्द, तेव्हा माशाला मिळतो. ‘कुमाइन’सोबत ‘तुझा मासा’ म्हणालात की ‘त्यातला थोडा’ असा वास येतो, तेच झालं.

आता कुकचं वाक्य. त्याची रचना खरं तर ‘मासा खाणारा तो कोण?’ अशी आहे. ज्याच्याबद्दल ‘कोण’ विचारायचं, त्यालाच क्रियापदाच्या रूपात मानाची जागा द्यावी लागते. इथे ती खाणाऱ्याला. मासा ठरलेला असला तरी ‘कुमाइन’च, पर्याय नाही. तुमचं उत्तर ‘आको आंग कुमाइन’ हवं होतं, म्हणजे ‘खाणारा मीच’. नुसतं ‘आको’ही चाललं असतं.

हुकूम ऐका म्हणजे कानात बसेल. समोरचं दार लावायला सांगताना ‘इसारा मो आंग पिंतो’ म्हणतात. आज्ञा ऐकणाऱ्याला, पण ‘आंग’ दाराला.

बाली_रिटर्न
इंडोनेशियन शिकताना मी हाच ठरलेल्या-न ठरलेल्याचा नियम लावला आणि आपटलो. ‘साया मंबाचा बुकु इतु’, मी ते पुस्तक वाचतो. पुस्तक ठरलेलं, तरी चालतं. पण ‘मी वाचतो ते पुस्तक’ म्हणायचं तर ‘बुकु यांग साया बाचा’. तिथे ‘मंबाचा’ घातलंत तर मास्तर लगेच थांबवतात. म्हणजे काना_मात्रांनी सांगितलेली दुसरी अट इथेही आहे, पहिली तेवढी सैल. या भाषा भावंडं असल्या तरी सगळ्यांचे नियम एक धरू नका.

इंजिनरूमवाला
आज नाश्त्याला कुकसमोर उभा राहून म्हटलं, ‘आको आंग कुमाइन.’ त्याने मान वर न करता ‘आलाम को’ म्हटलं. ‘माहितीये मला.’ ‘मी’साठी इथेही ‘आको’ नाही, ‘को’! हे काय प्रकरण आहे, काना_मात्रा?