रिसेप्शनला बार ठेवावा का? घरात दोन तट पडलेत

ऐरोलीकर: बहिणीचं लग्न मार्गशीर्षात आहे. हळद घरी, रिसेप्शन घोडबंदर रोडच्या लॉनवर, पाहुणे साडेतीनशे. मुलाकडच्यांना बार हवाय, खर्च निम्मा-निम्मा. आई म्हणते, "माझ्या मुलीच्या लग्नात दारू नको." बाबा गप्प आहेत.

माझं मत, बार ठेवावा, पण रीतसर. चुलत भावाच्या लग्नात बार नव्हता. पार्किंगमध्ये तीन गाड्यांच्या डिक्या उघड्या, प्लास्टिकच्या ग्लासात कोरी व्हिस्की, सोबत शेंगदाण्याची पुडी. नऊ वाजता त्यातलेच दोघे स्टेजवर चढले आणि एकाने नवरीच्या आजीच्या खांद्यावर सगळा भार टाकला. तो फोटो आजही अल्बममध्ये आहे. समोर काउंटर असता तर निदान कोण किती पितोय हे दिसलं असतं.

कोपरीची ताई: दादा, डिक्या उघडणाऱ्यांना आवरायचं सोडून त्यांच्यासाठी काउंटर मांडायचा? बार लागला की बायका-मुलं साडेआठलाच जेवून निघतात, हे मी दरवेळी बघते. उरलेल्या बायकांचं लक्ष जेवणात नसतं, नवऱ्याच्या हातातला ग्लास कितवा याच्यावर असतं. आणि निम्मा खर्च म्हणजे तरी मुलीच्या बापाचाच पैसा ना? आईचं ऐका.

बेलापूरचा: पंधरा वर्षं केटरिंगमध्ये आहे, म्हणून हिशेबाचं सांगतो. साडेतीनशेत पिणारे साधारण एकशेवीस धरा. त्यातले ७० व्हिस्की-रमवाले, तीन तासांत माणशी तीन लार्ज. ७५० मिलीच्या बाटलीत ६० मिलीचे बारा पेग निघतात, म्हणजे १८ बाटल्या. बियरवाल्या पन्नाससाठी दीडशे पाइंट. लोक फसतात ते बर्फात. दीडशे किलो सांगा, त्यातला निम्मा बियर गार करण्यातच जातो. बारटेंडर तीन हवेत आणि ते ३० मिलीच्या मापाने ओतणारे हवेत. "साहेब, अंदाजे देतो" म्हणणारा पोरगा दहा वाजेपर्यंत स्टॉक संपवतो. २०२५ च्या जूनमध्ये राज्याने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलंय, त्यामुळे जुन्या लग्नाचं बिल बघून बजेट काढू नका.

राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून एक दिवसाचा तात्पुरता परवाना काढा. लॉनवाला "आमचं सगळं सेटिंग आहे" म्हणाला तरी कागद स्वतः बघा. गोव्याहून कोणी स्वस्तात आणतो म्हणाला तर नाही म्हणा, परराज्यातली बाटली इथे पकडली तर गुन्हा होतो. मुहूर्ताच्या आसपास निवडणूक आहे का तेही बघा. मतदान संपायच्या आधीचे ४८ तास ड्राय डे असतो.

कोपरीची ताई: कायद्याचं निघालंच आहे तर वयाचंही सांगा. महाराष्ट्रात कडक दारूला २५ वर्षं लागतात, बियरला २१. नवरदेवाचे मित्र तेवीस-चोवीसचे असणार. लग्नात आधार कार्ड कोण मागणार?

बेलापूरचा: आमची पोरं मागतात. त्यावरून दोनदा भांडणंही झालीत. पण घरचा एक मोठा माणूस काउंटरजवळ लागतो, नाहीतर बारटेंडरचं कोणी ऐकत नाही. हे ताईंचं मान्य.

घणसोलीचा आगरी: तुमची चर्चा रिसेप्शनवर अडकलीय. आमच्याकडे खरा खर्च हळदीला होतो. धवलारीण मांडवात गाणी म्हणत असते आणि मागच्या गल्लीत पेट्या फुटत असतात. माझ्या काकाने मोठ्या मुलीच्या हळदीला मटण आणि दारूपायी कर्ज काढलं, पाच वर्षं फेडलं. धाकटीच्या वेळी आमच्या भावकीने ठरवलं, जेवण भरपूर, दारू बंद. तांदळाच्या भाकऱ्या, वडे, मटण, सगळं होतं. चार जण रुसून गेले, मांडव काही ओस पडला नाही. ऐरोलीकर, हळदीचं काय करताय ते आधी सांगा.

ऐरोलीकर: दादा, तुमचं पटलं. हळदीला थेंबही नाही, हे आज जेवताना घरात सांगितलं. बाबा पहिल्यांदा बोलले, "बरं झालं."

ताई, बारबद्दल मात्र मी ठाम आहे. तो वेगळ्या कोपऱ्यात, साडेसात ते साडेनऊ. त्यामुळे बेलापूरच्या दादांच्या हिशेबातून एक तास कमी होईल. मुख्य मांडवात कोकम सरबत आणि पन्हं. काउंटरजवळ मामा उभे राहतील, ते पीत नाहीत. परतीसाठी दोन मिनीबस सांगितल्यात, एक ऐरोलीची, एक बेलापूरची. गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं तर पहिल्याच वेळी दहा हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. माझ्या बहिणीच्या लग्नातून कोणी चौकीत जाऊ नये.

कोपरीची ताई: मी तरीही नकोच म्हणेन. पण बसचं चांगलं केलंत. आईंना विचारा, पन्ह्यात गूळ घालायचा का साखर.